फॉल्टच्या मध्यावर बोअर कोरडा आणि टोकाला वाफ, असं का होतं?

प्रश्न असा होता: नकाशावर फॉल्टची (म्हणजे खडक तुटून दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या त्या भेगेची) लांबलचक रेघ दिसते, सगळी रेघ म्हणजे तुटलेलाच खडक, मग गरम झरे आणि वाफेची तोंडं तिच्यावर दोन-तीन ठिकाणीच का? आणि जोडीला दुसरा, की जिथे जमिनीतून वायू जास्त निघतो तिथेच खाली उष्णता जास्त असं धरून बोअरची जागा ठरवली तर चालेल का? दोन्हीची उत्तरं एकमेकांत अडकलीयेत म्हणून एकत्रच लिहितो, जरा लांबेल. जिओथर्मलच्या, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेच्या, फील्डवर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे पुस्तकी कमी आणि कामाचं जास्त येईल.

आधी हे बघा की भेगा एवढ्या लागतातच कशाला. खडक उष्णतेच्या बाबतीत फार आळशी असतो. नुसत्या वहनाने उष्णता १ किलोमीटर सरकायची म्हटलं तर साधारण ३० हजार वर्षं लागतात. साध्या जागी खाली जाताना दर किलोमीटरला २५-३० अंश वाढतात, म्हणजे २०० अंश हवे असतील तर सहा-सात किलोमीटर खाली जा. जिओथर्मल भागात तेच २०० अंश एखाद्या किलोमीटरवर मिळतात, कधी त्याच्याही आधी, कारण तिथे पाणी आणि वाफ उष्णता उचलून वर आणतात. किती फरक पडतो त्याचा हिशोब सोपाय. खंडांवर दर चौरस मीटरला सरासरी ६५ मिलिवॅट उष्णता वर येते, म्हणजे अख्ख्या चौरस किलोमीटरमधून जेमतेम ६५ किलोवॅट. आणि २५० अंशाचं पाणी सेकंदाला फक्त १ किलो वर आलं तरी ते साधारण १ मेगावॅट घेऊन येतं. पंधरा चौरस किलोमीटर जमीन जेवढी उष्णता देते तेवढी एका फटीतून.

आता ते पाणी येणार कुठून? अखंड ग्रॅनाइटमधून पाणी जवळजवळ जातच नाही, आणि फॉल्टच्या बाजूचा तुटका खडक घेतला तर तो त्याच्या दहा हजार पट किंवा त्याहूनही जास्त पाणी जाऊ देतो. शिवाय फटीचं गणित विचित्र आहे, प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट रुंद झाली की प्रवाह आठपट, दहापट झाली की हजारपट, म्हणजे एक मिलिमीटरची एक फट ही दशांश मिलिमीटरच्या हजार फटींच्या बरोबरीची. (प्रत्यक्षात फटीच्या भिंती खडबडीत असतात, जागोजागी एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यामुळे आकडा कमी येतो, पण दिशा तीच.) म्हणूनच दोन किलोमीटरच्या बोअरमध्ये इमेज लॉगवर (बोअरच्या भिंतीच्या चित्रावर) शेकडो भेगा दिसतात आणि तापमानाचा लॉग चालवला, म्हणजे खोलीनुसार तापमान मोजलं, की खरं पाणी तीन-चार ठिकाणाहूनच येतंय असं निघतं. नवीन लोक भेगा मोजत बसतात. भेगांची संख्या बघून काही कळत नाही, त्यातली कुठली उघडी आहे तेवढंच कामाचं.

फॉल्ट म्हणजे पाईप असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फॉल्टला मध्ये एक गाभा असतो, जिथे खडक घासून घासून पीठ झालेला असतो आणि त्यात बऱ्याचदा चिकणमातीची खनिजं तयार झालेली असतात. या गाभ्यातून आडवं काही जात नाही, तो बांधासारखा अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना डॅमेज झोन, म्हणजे तडकलेला पण पीठ न झालेला खडक, काही मीटरपासून शंभरएक मीटरपर्यंत, आणि वर येणारं सगळं यातून येतं. काइन, एव्हान्स आणि फॉर्स्टर यांनी १९९६ साली हेच नीट मांडलं, की गाभा किती आणि डॅमेज झोन किती यावर तो फॉल्ट अडवणारा आहे की वाहणारा हे ठरतं, आणि एकच फॉल्ट दोन्ही असू शकतो, लांबीच्या दिशेने वाहणारा आणि आडवा अडवणारा. म्हणून कित्येकदा फॉल्टच्या एका अंगाला झरे आणि दुसऱ्या अंगाला शंभर मीटरवर गार कोरडी जमीन. आणि जास्त सरकलेला मोठा फॉल्ट म्हणजे गाभाही जास्त जाड, हे विसरू नका, मोठेपणाचा इथे तोटाच होऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उघडी फट उघडी राहत नाही. गिझरच्या कॉइलवर क्षार बसतात तसंच खाली चालू असतं, फक्त तिथे खनिजं वेगळी. गरम पाण्यात सिलिका विरघळलेली असते, पाणी वर येताना गार झालं की क्वार्ट्झ म्हणून बसते. कॅल्साइटचं उलटं, तो गार होण्याने बसत नाही, पाणी उकळलं आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला की बसतो. त्यामुळे जिथे उकळणं सुरू होतं तो पट्टा सगळ्यात आधी बुजतो, आणि बोअरमध्येही स्केल, म्हणजे क्षारांचा थर, नेमका तिथेच धरतो.

कोअरचा, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्याचा, तुकडा हातात घेतला तर हा सगळा इतिहास दिसतो. राखाडी खडकात बोटभर जाडीची पांढरी शीर असते. भिंग लावून बघा, दोन्ही भिंतींपासून आत थर वाढत आलेत, आधी क्वार्ट्झ, मग कॅल्साइटची पातळ रेघ, पुन्हा क्वार्ट्झ, मध्ये स्फटिकांची टोकं एकमेकांना भिडलेली, आणि पांढऱ्यात भिंतीचेच धारदार तुकडे अडकलेले. म्हणजे ही फट एकदा नाही, बऱ्याचदा फाटली आणि प्रत्येक वेळी पुन्हा बुजली. तुकडे धारदार आहेत म्हणजे ते घासले गेले नाहीत, दाबाने फट एकदम उघडली तेव्हा सुटले. कॅल्साइट जर पापुद्र्यांसारखा चपटा असेल तर तिथे पाणी उकळत होतं असं समजायचं. सोबत ॲड्युलेरिया नावाचा फेल्डस्पार दिसला तर अजून चांगलं, तो उकळण्याची आणि मोकळ्या वाटेची दोन्हीची खूण आहे. तेव्हाची, आत्ताची नव्हे! पूर्ण भरलेली शीर म्हणजे जुनी वाट. मध्ये पोकळी राहिलेली, स्फटिकांची टोकं मोकळी, अशी शीर मिळाली तर मी तो बॉक्स बाजूला काढून ठेवतो.

मग बुजलेली वाट पुन्हा उघडते कशाने? हालचालीने. खाली दाब साचत जातो, वरचं झाकण घट्ट झालेलं असतं, दाबामुळे फॉल्टवरची पकड सैल होते, तो सरकतो, वाट उघडते, द्रव वर धावतो, दाब उतरतो, मग पुन्हा खनिजं बसायला लागतात. रिचर्ड सिबसन यांनी याला व्हॉल्व्हसारखं वागणारा फॉल्ट म्हटलंय. जपानमध्ये मात्सुशिरोला १९६५ ते १९६७ या काळात छोट्या-मोठ्या भूकंपांची लांबच लांब मालिका चालली आणि तिच्यात जमिनीच्या भेगांमधून कार्बन डायऑक्साइडने भरलेलं खारट पाणी एवढं बाहेर आलं की एकूण अंदाज १ कोटी घनमीटरच्या घरात जातो. इटलीत उंब्रिया-मार्केमध्ये १९९७ साली जे भूकंप झाले त्यांच्या आफ्टरशॉकचा पसाराही खोलात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड उच्च दाबाने सुटून डॅमेज झोनमधून पसरला असं धरलं तर नीट जुळतो. आणि भूकंप जवळच पाहिजे असंही नाही, २००२ साली अलास्कात ७.९ चा डेनाली भूकंप झाला तेव्हा ३ हजार किलोमीटरवरच्या यलोस्टोनमध्ये काही गिझरांच्या उसळण्याच्या वेळा बदलल्या. तेवढ्या हलक्या हेलकाव्यानेही फटीतला गाळ हलतो.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच निघतं. जिथे फॉल्ट सारखा थोडा थोडा फाटत राहतो तिथे वाट उघडी राहते, आणि लांबच लांब सरळ फॉल्टच्या मध्यावर तसं होत नाही, तिथे मोठा भूकंप एकदाच बराच ताण काढून टाकतो आणि नंतर शेकडो-हजारो वर्षं बुजायला मोकळी मिळतात. याउलट फॉल्टचं टोक, दोन फॉल्ट एकमेकांना समांतर येऊन एकाकडून दुसऱ्याकडे सरकतात ती मधली जागा, दोन-तीन फॉल्टचा छेद, अशा ठिकाणी ताण एकवटलेला राहतो, बारीक भेगांचं दाट जाळं असतं आणि एक बुजली तर शेजारची फाटते. अमेरिकेत नेवाडा आणि आसपासच्या ग्रेट बेसिनमध्ये जेम्स फॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो गरम जागांची अशी छाननी केली, त्यात बहुतेक जागा या असल्या गुंतागुंतीच्या ठिकाणी निघाल्या आणि मुख्य फॉल्टच्या मधल्या भागात, जिथे सरकणं सगळ्यात जास्त झालंय, तिथे फारच थोड्या. नकाशावर ठळक रेघ बघून मध्यावर टाचणी टोचणाऱ्यांनी हे आधी वाचावं असं माझं मत आहे.

त्यात दिशेचा मुद्दाही येतो. आजच्या ताणाच्या दिशेत जी फट सरकण्याच्या अगदी काठावर आहे ती वाहती असते, बाकीच्या मुक्या असतात. बार्टन, झोबॅक आणि मूस यांनी १९९५ साली बोअरमधल्या भेगा मोजून हे दाखवलं, पुढे नेवाडातल्या डिक्सी व्हॅलीत त्याची रोकडी परीक्षा झाली. तिथल्या चालू फील्डमधले वाहते बोअर ज्या भेगांवर चालतात त्या स्टिलवॉटर फॉल्टला समांतर आणि सरकायला तयार अशा आहेत, आणि त्याच फॉल्टवर काही किलोमीटर नैऋत्येला घेतलेले बोअर गरम असूनही उत्पादनाच्या लायकीचे निघाले नाहीत, कारण तिथे ताण किंवा फॉल्टची दिशा तशी जुळत नव्हती. फॉल्ट तोच, तापमान ठीकठाक, वाट नाही. म्हणून बोअरमध्ये ताणाची दिशा काढणं, म्हणजे भिंती कुठल्या बाजूने ढासळल्यात आणि ड्रिलिंगमुळे कुठे तडे गेलेत ते इमेज लॉगवर बघणं, हा खर्च वाचवू नका.

आता वायूकडे येतो. खोलात सगळं एकत्रच असतं, गरम पाणी, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, थोडा हायड्रोजन सल्फाइड, हेलियम वगैरे. वर येताना दाब कमी होतो आणि कुठेतरी पाणी उकळायला लागतं, १ किलोमीटर खोलीवर त्याला ३०० अंशाच्या वर लागतात, १०० मीटरवर १८० अंशाच्या आसपास पुरतात. उकळलं रे उकळलं की वायू पाण्यातून निघून वाफेत जातो, आणि इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. वाफ आणि वायू हलके, ते जी उभी फट मिळेल तिने सरळ वर. उरलेलं खारट पाणी जड, ते उताराने आडवं वाहतं, झिरपदार थर मिळाला तर कित्येक किलोमीटर लांब जाऊन दरीत झरा म्हणून निघतं. म्हणून डोंगरावर वाफाळलेली, आम्लाने गंजलेली, पांढरी-पिवळी जमीन आणि खाली लांब स्वच्छ गरम पाण्याचे क्लोराइडवाले झरे असं दृश्य जगभर दिसतं. बोअर झऱ्यापाशी घेतला तर वरचे दोन-तीनशे मीटर गरम आणि त्याखाली तापमान उलटं उतरायला लागतं, कारण तुम्ही आडव्या वाहणाऱ्या पट्ट्यातून आरपार खाली गेलात.

वाफ मग पुढे वर गार जमिनीला भिडली की तिचं पाणी होतं. तिची उष्णता तिथेच जमिनीत राहते, आणि वायूचं काही पाणी होत नाही, तो तसाच पुढे निघतो. इटलीत नेपल्सजवळच्या सोल्फातारा या ज्वालामुखीच्या विवरात हे फार सुंदर बघायला मिळतं. तिथे वायव्य-आग्नेय आणि ईशान्य-नैऋत्य अशा दोन फॉल्टसंचांच्या छेदावर मुख्य तोंडं आहेत, बोक्का ग्रांदे हे त्यातलं सगळ्यात मोठं, तापमान १६० अंशाच्या आसपास. फोटो सगळे त्याचेच काढतात, पण खरी उष्णता बाहेर पडते ती आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या जमिनीतून. जोव्हान्नी क्योदिनी आणि मंडळींनी मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजून त्यावरून खाली किती वाफेचं पाणी होत असेल याचा उलटा हिशोब केला, आणि उष्णतेचा आकडा १०० मेगावॅटच्या वर गेला.

पण हा उलटा हिशोब सगळीकडे लावता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर १९८९ साली बारीक भूकंपांची मालिका झाली, १९९० पासून हॉर्सशू लेकजवळची झाडं उभ्याउभी मरायला लागली, आणि मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड काही जागी ९० टक्क्यांच्या वर निघाला. जमीन मात्र गारच. वायू खोल मॅग्मातून निघाला, फॉल्टने वर आला, वाटेत गार भूजलातून गेला, उष्णता तिथे टाकून दिली. म्हणजे भरपूर वायू म्हणजे वाट नक्की उघडी आहे, खालचं तापमान मात्र त्यावरून ठरत नाही. आणि वायू नाही म्हणून सोडून देऊ नका, वर घट्ट चिकणमातीचं झाकण असेल तर चांगलं गरम फील्डही मुकं दिसतं. असली झाकणं विजेला फार कमी विरोध करतात म्हणून मॅग्नेटोटेल्युरिक सर्व्हेत (जमिनीचा विजेला होणारा विरोध खोलवर मोजणाऱ्या पाहणीत) चटकन दिसतात.

मोजायचं कसं ते थोडक्यात. फॉल्टला काटकोनात रेघा आखायच्या, फॉल्टच्या लांबीने चालत जाऊन मोजलंत तर पार्श्वभूमी किती ते कळतच नाही. लांब असताना ५० मीटरला एक, जवळ आल्यावर १० किंवा ५ मीटरला एक. उघड्या तोंडाचा डबा जमिनीवर पालथा घालायचा, कडेने माती दाबून हवा बंद करायची, आतली हवा ॲनलायझरमधून फिरवून परत डब्यात सोडायची आणि कार्बन डायऑक्साइड किती वेगाने चढतोय ते बघायचं. नुसता आकडा नको, चढण महत्त्वाची, एक-दोन मिनिटांत कळतं. गार जागी चढण हळू असते, तेवढा वायू मुळं आणि जीवाणूही सोडतात. मग एका पाच-दहा मीटरच्या पट्ट्यात ती एकदम शंभर पट होते आणि पुढच्या डब्याला पुन्हा खाली. तोच डॅमेज झोन. शेजारीच अर्ध्या-एक मीटरवर तापमान घ्या, आणि दोन आलेख एकावर एक ठेवा. बऱ्याचदा दोन शिखरं जुळत नाहीत, ढळत्या, म्हणजे तिरक्या, फॉल्टवर तर थोडी सरकलेलीच असतात, आणि तो फरकच माहिती आहे. पाऊस पडून गेल्यावर मोजू नका, ओली माती बंद होते आणि वायू कडेच्या कोरड्या पट्ट्यातून निघतो. हवेचा दाब उतरत असताना आकडे फुगतात, तेही लिहून ठेवा.

वायू जैविक की खोलातला हे कार्बनच्या समस्थानिकांवरून बरंचसं कळतं, पण खरा साक्षीदार हेलियम. हवेतलं हेलियम-३ आणि हेलियम-४ चं गुणोत्तर १ धरलं तर कवचातल्या जुन्या खडकातलं साधारण ०.०२ येतं आणि समुद्रातल्या पर्वतरांगांखालच्या मॅन्टलचं, म्हणजे कवचाखालच्या थराचं, ८ च्या आसपास. केनेडी आणि व्हॅन सुस्ट यांनी २००७ साली पश्चिम अमेरिकेतल्या बेसिन अँड रेंज भागात दाखवलं की जिथे मॅग्मा नाही तिथेही मॅन्टलचं हेलियम वर येतंय, म्हणजे काही फॉल्टच्या वाटा खालच्या मऊ, वाहत्या कवचातूनही पार जातात. रेडॉन हा किरणोत्सारी वायू स्वस्तात मोजता येतो म्हणून सगळे मोजतात, पण त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस, तो स्वतःहून लांबून येऊ शकत नाही, कार्बन डायऑक्साइडने ढकलत आणला तरच. थोरॉनचं, म्हणजे रेडॉनच्याच दुसऱ्या समस्थानिकाचं, तर मिनिटभरही नाही, तो दिसला म्हणजे तो तिथल्या मातीतलाच.

एक गोष्ट कामावर जाणाऱ्यांसाठी, कारण हे लोक हलक्यात घेतात. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, खड्ड्यात, बर्फाखालच्या पोकळीत, वारा नसलेल्या सकाळी घळीत साचतो. मॅमथवरच २००६ साली वायूच्या तोंडावरचं बर्फ खचून स्की पेट्रोलचे तीन जण गेले. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोडा असताना येतो आणि १०० पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं, म्हणजे वास बंद झाला म्हणून हुश्श करायचं नसतं, उलट निघायचं असतं. वायूचा मीटर कमरेला लावलेला पाहिजे, बॅगेत नको, आणि खाली वाकून डबा ठेवणारा एकटा नको.

पाणी परत आत सोडण्याचं, म्हणजे रीइंजेक्शनचंही सांगतो, कारण तिथेही हाच प्रकार. उघडी फट इंजेक्शनच्या बोअरपासून उत्पादनाच्या बोअरपर्यंत सरळ जात असेल तर गार पाणी खडकाला न भिडता थेट पोचतं आणि तापमान पडतं. रंगद्रव्याचा ट्रेसर टाकून आधी बघा किती दिवसांत निघतो, काही तासांत निघाला तर ती जोडी तोडा. आणि दाबाने फॉल्ट सरकतो हे वर लिहिलंय ते माणसाने केलं तरी सरकतोच. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला एका जिओथर्मल प्रकल्पात डिसेंबर २००६ मध्ये ५ किलोमीटर खोल साधारण साडेअकरा हजार घनमीटर पाणी दाबलं, ३.४ चा भूकंप झाला आणि प्रकल्प पुढे बंद पडला. दक्षिण कोरियात पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.५ चा झाला, आणि सरकारी अभ्यासगटाने २०१९ मध्ये सांगितलं की तो इंजेक्शनमुळे चाळवला गेला. जी फट काठावर असल्यामुळे वाहते तीच काठावर असल्यामुळे हलतेही, चांगली तेवढी घेऊन वाईट सोडता येत नाही.

तर तुमच्या रेघेवर काय करायचं ते असं. मध्य सोडा, दोन्ही टोकं आणि जिथे रेघ वळते, तुटते किंवा दुसरीला भेटते त्या जागा निवडा. तिथे वायू आणि तापमानाच्या आडव्या रेघा करा, झऱ्याच्या पाण्यातलं सिलिका आणि सोडियम-पोटॅशियम मोजून खोलातलं तापमान काढा, हेलियमचे दोन-चार नमुने पाठवा. बोअर वाफेच्या तोंडावर घेऊ नका, फॉल्ट ज्या बाजूला ढळतोय त्या बाजूला सरकून तिरका असा घ्या की तो डॅमेज झोनला हव्या त्या खोलीवर कापेल, आणि त्याच्या आधीच्या शंभर मीटरवर केसिंग, म्हणजे बोअरला आतून लावायचा पोलादी पाईप, बसवा. मग खाली जाताना मड (ड्रिलिंगसाठी बोअरमध्ये फिरवतात तो चिखल) परत येणं एकदम बंद झालं, टाकी रिकामी व्हायला लागली, तर ड्रिलर कपाळाला हात लावेल. तुम्ही खोली लिहून घ्या आणि लगेच सिमेंट टाकून ते बुजवू देऊ नका, तीच तुमची फट आहे.